बिनगाइडची शिकार

माझ्या बाबांनी आयुष्यात एकही एल्क पाहिलेला नाही. पण एल्कची शिकार कशी करायची हे ते कुणालाही समोर बसवून तासभर सांगू शकतात. अंजूर गावात त्यांना असं बसायला माणसं मिळतात, कारण सांगता सांगता चहा येतो आणि चहाबरोबर खारी येते.

एल्क म्हणजे अमेरिकेतलं हरीण. आपल्या सांबराच्या कुळातलं, पण बैलाएवढं. गेल्या गणपतीत आमच्याकडे भिंतभर टीव्ही आला आणि त्यात बाबांना या शिकारीचे व्हिडिओ सापडले. तिकडची माणसं गाइड न घेता, आपल्या अकलेवर डोंगरात जातात, तंबू ठोकतात, दबा धरून बसतात, आणि एल्क आलाच नाही तरी शेकोटीजवळ बसून खूश असतात. बाबांना हे फारच भावलं. भाषा कळत नव्हती म्हणून ते मला शेजारी बसवायचे. ‘उन्नती, ह्यो काय बोलतो?’ सुरू झालं की माझं जेवण गार. वारा कुठून वाहतो ते आधी बघायचं, सावजाला आपला वास जाऊ द्यायचा नाही, आमिष ठेवलं की तिकडे बघायचंसुद्धा नाही, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हलायचं नाही. हे सगळं मी इतक्या वेळा मराठीत सांगितलं की इच्छा नसताना अर्धी शिकारी झाले.

बाबांचाही इलाज नव्हता म्हणा. आमची खारजमीन होती, तिच्यात भात पिकायचं. आता तिथे भराव टाकून गोडाऊनं उभी आहेत आणि भाडं घरबसल्या येतं. बाबांना काम एकच उरलं, हात मागे बांधून ट्रक मोजायचे. एवढं सुख अंगावर आलं की माणसाला काहीतरी खूळ लागतंच. कुणी बैल पाळतो, कुणी निवडणुकीला उभा राहतो. त्या मानाने आमचे बाबा स्वस्तात सुटले.

आता माझं. मी राहनाळला एका गोडाऊनमध्ये स्टॉक बघते. तिथेच धनेश आहे, डिस्पॅचला. तो दिघाशीचा, कुणबी घरातला. वडील शेती करतात. आम्ही आगरी. दिवाळीत मी घरी सांगून टाकलं की मला याच्याशी लग्न करायचं आहे. बाबांनी फराळाची थाळी बाजूला ठेवली.

“दिघाशीचा? तिकडं खाडी तरी हाय का?”

“नाही.”

“मंग तो खातो काय?”

जातीचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही, सगळा राग खाडीच्या नावावर काढला. पण मी त्यांचीच मुलगी, मला अर्थ कळला. पुढच्याच आठवड्यात काल्हेरचं एक स्थळ उगवलं. मुलाला दोन गोडाऊनं, काळी गाडी, आणि बोलायला काही नाही. मार्गशीर्ष संपला की बुधवारी, पौषाची पर्वा न करता, ती माणसं सुपारी फोडायला येणार, असं बाबांनी मला न विचारता ठरवलं. मी रडले, भांडले, आईला मध्ये घातलं. माझी आई जानकीबाई कमी बोलते, पण बोलते तेव्हा बाबांना खुर्ची बदलावी लागते.

“अवो, त्या पोराला एकदा बगा तरी,” ती म्हणाली. “बगायला काय पैसं पडतात?”

“घरात पोहे खाताना सगलीच पोरं चांगली दिसतात,” बाबा म्हणाले. मग त्यांचे डोळे एकदम चमकले आणि मला कळलं की आता एल्क येणार. “मानूस कलतो तो क्यांपात!”

झालं. आपल्या देशात शिकारीला बंदी, नाहीतर बाबांनी काय काय केलं असतं कोण जाणे. पण चिंबोरीला, म्हणजे खाडीतल्या खेकड्याला, बंदी नाही. खाडीवर एक दिवसाचा कॅम्प ठरला. दोन बाजू, दोन चुली. आपापली शिकार आपण करायची, गाइड नाही, मदत नाही. संध्याकाळपर्यंत त्या पोराने एक पातेलं भरेल एवढ्या चिंबोऱ्या पकडल्या तर बाबा बोलणी करायला बसतील. नाही पकडल्या तर बुधवारी सुपारी.

“आन एक,” बाबांनी बोट वर केलं. “त्यांच्या चुलीवरचा पानी पन मी घेनार न्हाय. सांगून ठेव.”

हे मात्र बाबांचं खूळ नव्हतं, ती आमच्या घरातली जुनी रीत. सोयरिकीचं बोलणं चाललेलं असताना मुलीच्या बापाने मुलाकडच्या चुलीवरचं काही खाल्लं-प्यायलं, की होकार दिला. मग माघार नाही. माझ्या हौसाआत्याचं लग्न असंच जमलं. आजोबा नुसतं स्थळ बघायला गेले होते, ऊन लागलं म्हणून अर्धा कप चहा घेतला, आणि आत्या आयुष्यभर त्या चहाला शिव्या देत संसार करते आहे. म्हणून बाबा अशा वेळी पाण्याची बाटलीसुद्धा घरून नेतात.

तयारीला बाबांनी घर डोक्यावर घेतलं. आमच्या राहनाळच्या गोडाऊनमध्ये गिऱ्हाइकाने परत केलेला माल मिळतो, त्यातून मी त्यांना तंबू आणला, हवा भरायची गादी आणली. पानापानांचं चित्र असलेले कपडे त्यांनी स्वतः मागवले, एक आपल्याला आणि एक लडकूकाकांना. लडकूकाका म्हणजे बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. बाबा विहिरीत उडी मारतील तर हे आधी टॉवेल घेऊन उभे राहतील, असे. चिंबोरीला पानांचा सदरा दिसतो की नाही हे त्यांनीही विचारलं नाही. वास जाऊ नये म्हणून शुक्रवारपासून बाबांनी साबण बंद केला.

“चिंबोरीला वास येवो न येवो,” आई म्हणाली, “मना येतो. ओटीवर झोपा.”

एल्कला बोलवायचं एक नळकांडंही त्यांनी मागवलं होतं. शनिवारी संध्याकाळी बांधावर जाऊन त्यांनी ते फुंकलं. एल्क कुठला यायला. पलीकडच्या तबेल्यातल्या म्हशी मात्र माना वर करून बघत राहिल्या, आणि एक तर दावं तोडून निघाली. तिला परत बांधेपर्यंत तबेलेवाल्या भैय्याने बाबांना हिंदीत जे सुनावलं, ते मात्र त्यांनी मला मराठीत सांगायला लावलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही खाडीवर पोचलो. इकडे खारीचा बांध, म्हणजे भरतीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला मातीचा लांबलचक बंधारा. पलीकडे चिखल, त्यानंतर तिवराची झाडं आणि मग खाडी. बांधाला एका जागी उघाडी आहे, पाणी आत-बाहेर सोडायची फळ्यांची झडप. धनेश आणि त्याचे वडील नामाकाका तिथेच, बांधावर उभे होते. धनेशने इस्त्रीचा शर्ट घातला होता. चिखलात जायला इस्त्री करून येणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला, आणि त्याही स्थितीत तो मला आवडला.

“पाव्हणं, क्यांप कुठं लावनार?” बाबांनी विचारलं.

“आमाला पवता येत न्हाय,” नामाकाका म्हणाले. “आमी आपलं बांधावरच बरं.”

बाबा लडकूकाकांकडे बघून हसले. मग बांध उतरून चिखलातल्या एका उंचवट्याकडे निघाले. बाबांच्या लहानपणी तिथे मिठाची रास पडायची. मोठं उधाण आलं तरी तिथे पाणी चढायचं नाही, हे अंजूरमधलं शेंबडं पोरही सांगेल. आईने खाली बघितलं.

“अवो, हितं शेवाल कसा?”

“दव हाय तो.”

“दव हिरवा असतो?”

“जानके, पन्नास वरसं मी ही खाडी बगतो. हितं पानी येत न्हाय म्हंजे येत न्हाय.”

आईने पदर खोचला. माझं सगळं लक्ष बांधावर होतं. तंबू उभा राहिला. गॅसची शेगडी, तांदूळ, मसाल्याचा डबा, मीठ, कांदे, तेल, आणि आमिषाचं पोतं, कोंबडीचे पाय आणि आतडी भरलेलं, सगळं बाबांनी तंबूजवळ मांडून घेतलं. मुख्य कॅम्पात सगळं हाताशी पाहिजे, असं व्हिडिओत म्हणतात. मग त्यांनी एक काठी रोवली आणि तिच्या टोकाला यंत्रमागावरून आणलेला पांढऱ्या सुताचा धागा बांधला. वारा कुठला ते कळायला. धागा फडफडला.

“आता वाऱ्याच्या खाली बसायचा,” बाबा हळू आवाजात म्हणाले. “आन बोलायचा न्हाय. हातानं खुना.”

चिंबोऱ्या पकडायला पगोळी लागते. लोखंडी कडं, त्याला जाळी, मध्ये आमिष बांधायचं. चिंबोरी खायला आत आली की दोरी ओढायची. बाबांकडे पगोळ्यांचा ढीग होता. नियम म्हणजे नियम म्हणून धनेशला त्यांनी दोन दिल्या, त्यातली एक फाटकी. मग बाबा आणि काका तिवराआड जाऊन, पानांचे सदरे घालून, दबा धरून बसले. दोघांच्या पोटांनी झाडामागे मावायला नकार दिला होता, तरी ते बसले.

इकडे माझा हिरो बांधावरून उतरला आणि दुसऱ्याच पावलाला कमरेपर्यंत गेला. एक बूट चिखलाने कायमचा ठेवून घेतला. त्याने एका बिळात हात घातला, कारण त्यांच्याकडे शेताच्या बांधावरचे मुठे तसेच पकडतात. मुठा म्हणजे गोड्या पाण्यातला छोटासा खेकडा, चावला तर गुदगुल्या. खाडीची चिंबोरी वेगळी. धनेशने जी आरोळी ठोकली ती ऐकून तबेल्यातल्या म्हशींनी पुन्हा माना वर केल्या. बाबांनी तिवराआडून मला हाताने खूण केली. ही खूण व्हिडिओत नव्हती, पण अर्थ स्पष्ट होता: बघ, हा तुझा शहाणा.

मी बांधावर बसून नखं खाल्ली. बुधवार डोळ्यांसमोर उभा होता, काळ्या गाडीसकट. मला खरंच भीती वाटत होती. बाबांशी मी भांडू शकते, त्यांना फसवूही शकते, पण त्यांच्या इच्छेविरुद्ध घरातून निघून जाणं मला जमलं नसतं, आणि हे त्यांना पक्कं माहीत होतं.

दुपारी भरती चढली. नुकतीच अमावस्या होऊन गेलेली, त्यामुळे पाणी जोरात होतं. बाबा आणि काका पुढे खाडीकडे तोंड करून बसले होते, पुतळ्यासारखे. पाणी पुढून आलंच नाही. ते बाजूने आलं, बांधाच्या कडेने गुपचूप. पूर्वी हे पाणी वरच्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत, पसरायचं, तिथे त्याला मोकळी जागा होती. आता तिथे गोडाऊनं आहेत. भराव कुणी टाकला? बाबांनीच टाकला, लडकूकाकांच्या डंपरने. पाण्याने आपली जुनी जागा शोधली, ती सापडली नाही, मग ते वळून मिठाच्या राशीच्या जागेवर आलं आणि आरामात चढलं.

आधी कांदे तरंगत निघाले. मग हवेच्या गादीवर बसून मसाल्याचा डबा गेला, अगदी सहलीला निघाल्यासारखा. शेगडी बुडाली. तांदळाची पिशवी बुडाली. आमिषाचं पोतं गोल फिरलं आणि उघाडीच्या दिशेने चालू लागलं.

“बाबा!” मी ओरडले.

बाबांनी न वळता हात वर केला. बोलायचं नाही!

“अवो, तुमचा क्यांप चालला!” आई ओरडली.

आईच्या आवाजावर मात्र ते वळले. त्यानंतरची धावपळ मी वर्णन करणार नाही, जन्मदात्याचा मान ठेवायला हवा. एवढंच सांगते की तंबू धनेशने पकडून बांधावर ओढला, काठी नामाकाकांनी उचलली, आणि लडकूकाकांना ओढायला चौघं लागलो. पगोळ्या तिवराच्या मुळांत अडकून एकीचा गुंता दुसरीत झाला होता, आणि त्यात चिंबोरी एकही नव्हती. एक पाण्याची बाटली तेवढी वाचली. बाबांनी तंबू बांधावर पुन्हा ठोकून घेतला, काठीही शेजारी रोवली, आणि दाराशी बसून चिखल पुसू लागले.

“हितं पानी येत न्हाय,” आई कुणाकडेही न बघता म्हणाली.

ओहोटी लागली तशी गंमत झाली. आमिषाचं पोतं उघाडीच्या फळ्यांना जाऊन अडकलं होतं, फाटून. अख्ख्या खाडीत तेवढंच जेवण होतं, आणि त्याच्याच खाली धनेशने सकाळी सोडलेल्या दोन पगोळ्या. त्याने पहिली ओढली तर त्याला ती उचलेना. हिरव्या-काळ्या, हाताच्या पंजापेक्षा मोठ्या, भरलेल्या चिंबोऱ्या एकमेकींना ढकलत होत्या. फाटक्या पगोळीतही इतक्या होत्या की भोकातून बाहेर पडायला त्यांच्यात भांडण लागलं होतं. पातेलं भरलं आणि वर उरल्या. मी उडी मारली. धनेश चिखलाने माखलेला, बोटाला फडकं, एका पायात बूट, आणि तोंडभर हसत होता.

बाबा आले. पातेल्यात बघितलं. मग उघाडीकडे बघितलं, फाटकं पोतं बघितलं.

“आमिस कनाचा?” त्यांनी विचारलं.

उत्तरही त्यांनीच दिलं.

“आमिस माजा. म्हंजे शिकार माजी. आपापली शिकार, मदत न्हाय, ठरलावता ना? मंग पोरगा नापास.”

“बरोबर आहे काका,” धनेश म्हणाला. “पोतं तुमचंच होतं.”

माणूस इतका खरा असू नये. मी त्याच्याकडे असं बघितलं की चिंबोऱ्यांनी नांग्या आत घेतल्या असत्या.

“मंग घिऊन जा, पाव्हणं,” नामाकाका शांतपणे म्हणाले. “तुमच्याच हायत.”

बाबा क्षणभर थांबले. नेऊन शिजवायच्या कशावर? शेगडी खाडीत, मसाला ठाण्याच्या वाटेवर.

“राहू दे. तुमी शिजवा, खा,” ते म्हणाले. “मना भूक न्हाय. संध्याकाली निघू.” आणि तंबूत जाऊन त्यांनी दाराची चेन ओढून घेतली. त्यांना भूक नाही हे खोटं होतं, कारण शिकारी रिकाम्या पोटी चपळ असतो म्हणून ते सकाळी न जेवता आले होते.

लडकूकाका तंबूकडे बघत उभे राहिले, मग पातेल्याकडे वळले. “मी काय मुलीचा बाप न्हाय,” ते म्हणाले आणि चुलीजवळ मांडी घालून बसले. आईही गेली. रीत बापाला बांधते, बाकीच्यांना नाही.

नामाकाकांनी तीन दगडांची चूल उघाडीजवळ मांडली होती. त्यांनी घरून कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण आणलं होतं, बाटलीत तेल, कागदाच्या पुडीत मीठ आणि फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. चिंबोऱ्या साफ करायला आई बसली. मी मात्र काठीकडे बघत होते. पांढरा धागा खाडीकडून आत, पूर्वेला फडफडत होता. म्हणजे वारा पश्चिमेचा. चूल तंबूच्या पूर्वेला. सगळा वास राहनाळच्या गोडाऊनांना जाणार होता, जिथे रविवारी कुत्रंसुद्धा नसतं.

वारा आधी बघायचा. बाबांनीच तर शिकवलं होतं.

“चूल इकडे घ्या,” मी म्हणाले.

“का?” धनेशने विचारलं.

“धूर डोळ्यांत जातोय.”

“पण धूर तर तिकडे...”

“धनेश, दगड उचल.”

त्याने उचलले. लग्नानंतर कसं चालेल याची मला तिथेच खात्री पटली. चूल तंबूच्या पश्चिमेला आली, अगदी जवळ नाही, पण वाऱ्याच्या सरळ रेषेत. आईने एकदा धाग्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि वाटण तेलात टाकलं. खमंग वास उठला आणि तंबूच्या कापडाला जाऊन थडकला. मग चिंबोऱ्या पडल्या. मग रस्सा उकळला. तंबूतून काही आवाज नाही. लडकूकाका जेवायला बसले आणि त्यांनी पहिल्या घासाला जो हुंकार दिला तो द्यायला मी सांगितलं नव्हतं, तो त्यांचा स्वतःचा होता.

“जानकीवैनी, काय हो चव!”

“सावकास खा,” आई मोठ्याने म्हणाली. “लय हायत. भरलेल्या हायत सगल्या.”

तंबूचं कापड आतून जरासं हललं.

आता आमिष. मी थाळी घेतली. सगळ्यात मोठी नांगी, लाल झालेली, रस्सा, दोन भाकऱ्या. तंबूच्या दाराशी नेऊन ठेवली, झाकण घातलं. “बाबा, हे इथे ठेवलंय,” असंही म्हणाले नाही. आमिष ठेवलं की तिकडे बघायचंसुद्धा नाही. परत येऊन मी सगळ्यांना तंबूकडे पाठ करून बसवलं. नामाकाकाही पाठ करून बसले आणि खाडीवरचे बगळे बघू लागले.

आणि आम्ही हललो नाही.

बराच वेळ काही झालं नाही. मला आतून रडू येत होतं. एवढं करूनही हा माणूस उपाशी बसला तर मी काय करणार? उद्या सोमवार, परवा मंगळवार. धनेशने माझ्या हाताला हळूच बोट लावलं, फडकं बांधलेलं. त्याला भीती वाटत होती, मलाही.

मग चेनचा आवाज आला. अगदी हळू, एकेक दाता. झाकण सरकलं. पुन्हा चेन.

बाबा सगळं विसरले नव्हते, फक्त एक गोष्ट विसरले. भात गुपचूप खाता येतो, मासा गुपचूप खाता येतो. चिंबोरीची नांगी गुपचूप खाता येत नाही. ती दातांनी फोडावी लागते.

कडाड्‌!

लडकूकाकांचा घास तोंडाशी थांबला. आईने पदर तोंडात कोंबला. कुणीही मागे वळून बघितलं नाही. तंबूत एकदम शांतता झाली, इतकी की आतला माणूस श्वास धरून बसला आहे हे बाहेर कळत होतं. मग, एवी तेवी फुटलीच आहे तर, म्हणून दुसरा कडाड्‌ झाला. मग तिसरा. मग रस्सा ओरपल्याचा आवाज.

नामाकाका खाकरले. दिवसभर ते बाबांना पाव्हणं म्हणत होते. आता बगळ्यांवरची नजर न काढता ते म्हणाले,

“व्याही, पानी पायजे का?”

पुढची उघाडी, खाडी, तिवरं, सगळं जागच्या जागी थांबलं असं मला वाटलं. तंबूची चेन वरपर्यंत उघडली. रिकामी थाळी धरलेला, वाटणाने पिवळा झालेला हात बाहेर आला.

“पानी ऱ्हाऊद्या,” आतून आवाज आला. “मीठ कमी हाय, व्याही. आन अजून एक नांगी घाला.”

मी रडले. उघड, सगळ्यांसमोर, नाक पुसत. धनेश उठून नांगी वाढायला धावला आणि एका बुटाने अडखळून पडला, पण रस्सा सांडू दिला नाही. आई हसता हसता म्हणाली, “मीठ तुमीच खाडीत सोडलाव की,” आणि बाबा तंबूतून बाहेर आले, आमच्यात बसले, आणि काही झालंच नाही अशा थाटात लडकूकाकांच्या थाळीतली भाकरी उचलली. जेवताना ते नामाकाकांशी फक्त भाताच्या वाणांबद्दल बोलले. धनेशला एकच प्रश्न विचारला, बोट लय दुखतंय का म्हणून, आणि उत्तर ऐकून न घेता त्याच्या थाळीत आपल्या हाताने पेंदा टाकला. चिंबोरीचा पेंदा, म्हणजे मधला भरलेला भाग, ते कधी कुणाला देत नाहीत. आईलासुद्धा नाही.

उन्हं कलली तशी आवराआवर झाली. धनेश आणि नामाकाका सामान टेम्पोत चढवत होते. आई काल्हेरला फोन लावून काहीतरी गोड बोलत होती. बाबा काठीजवळ उभे होते. मी तंबूची घडी घालत होते.

“उन्नती.”

“काय बाबा?”

“वारा पश्चिमचा हाय.”

“हो.”

“चूल आदी उघाडीजवल व्हती.”

मी घातलेली घडी मोडून पुन्हा घालायला घेतली. पानापानांच्या सदऱ्यात ते उभे होते आणि सुताचा धागा काठीवरून सोडवून बोटाला गुंडाळत होते.

“तू हलवलीस.”

“हलवली,” मी म्हणाले आणि बोलणी खायला तयार झाले.

बाबांनी धागा खिशात टाकला.

“मंग दुपारीच हलवायची न्हाय?” ते म्हणाले. “मी कवापासून वाट बगत व्हतो. भुकेनं जीव जायची येल आली माजी.”